घरट्यातल्या पिल्लांचे फोटो: किती लांबून, कितव्या दिवशी, कशाने?

पाषाणकर | १४ एप्रिल, रात्री ९:१०

सोसायटीच्या कुंपणावर मधुमालती आहे, तिच्यात लालबुड्या बुलबुलाचं घरटं. जमिनीपासून साधारण पाच फूट. पिल्लं तीन, ९ तारखेला अंड्यातून बाहेर आली. समोर १२ मीटरवर पार्किंगचा खांब आहे, त्याच्या आडून घरटं दिसतं, पण दोन-तीन पानं मध्ये येतात. कॅमेरा एपीएस-सी (लहान सेन्सरचा), लेन्स १००-४०० मिमी, ट्रायपॉड आहे. भरवतानाचा फोटो हवाय.

प्रश्न असे: १२ मीटर पुरे का? हाइड (लपून बसायचा कापडी तंबू) लागेल का? पानं दोऱ्याने बाजूला बांधली तर चालतील का? आणि कितव्या दिवसापर्यंत फोटो काढावेत?

शिवाय बाणेरच्या एका मोकळ्या प्लॉटवर टिटवीची चार अंडी आहेत. तिथली पिल्लं कशी टिपायची, तेही सांगा.

सहाशे_एमएम | १४ एप्रिल, रात्री ९:५५

१२ मीटर पुरे. हिशोब सोपा आहे: सेन्सरची रुंदी गुणिले अंतर, भागिले फोकल लेंग्थ. २३.५ मिमी × १२ मी ÷ ४०० मिमी, म्हणजे फ्रेममध्ये ७० सेंमी रुंदीचं दृश्य येईल. बुलबुल २० सेंमीचा, म्हणजे २४ मेगापिक्सेलच्या फोटोत चोचीपासून शेपटीपर्यंत १७०० पिक्सेल मिळतात. थोडं क्रॉप करूनही ए४ प्रिंट निघते. त्यासाठी ६ मीटरवर जायची गरज नाही.

ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/५.६ किंवा ६.३ ठेवा. १२ मीटरवर ४०० मिमीला फोकसची खोली सुमारे २० सेंमी मिळते, त्यात घरट्याची वाटी आणि काठावर बसलेली आई दोन्ही बसतात. एफ/११ वर गेलात तर मागचं कुंपण स्पष्ट होईल आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) उगाच चढेल. भरवताना शटर १/१००० च्या खाली नको. पिल्लांची मान थरथरते आणि चोच चोचीत जाऊन बाहेर यायला एखादा सेकंद लागतो. आई येण्याआधी काठावर एकच फोकस पॉइंट ठेवून लॉक करा. डोळा ओळखणारं ऑटोफोकस मधुमालतीच्या पानांत हमखास पुढच्या पानावर उडी मारतं. लेन्सवर फोकस लिमिटर असेल तर '३ मीटर ते अनंत'वर टाका.

आता सगळे विसरतात ते: फोकसचा बीप बंद. फोकस असिस्टचा दिवा बंद (हिरवा-नारिंगी लागतो तो, मेन्यूत शोधावा लागतो). फोटो काढल्यावर मागे पडद्यावर दिसणारा प्रिव्ह्यू बंद. मिररलेस असेल तर इलेक्ट्रॉनिक शटर लावा. बसलेल्या पक्ष्याला ते उत्तम, पण फडफडणारे पंख त्यात वाकडे येतात, सेन्सर ओळीओळीने वाचला जातो म्हणून. फ्लॅश नको, फिल-फ्लॅशही नको. मधुमालतीच्या सावलीत सकाळी सात वाजता आयएसओ १६०० ते ३२०० लागेल, लागू द्या. नॉइज सॉफ्टवेअरमध्ये जाते.

दयाळ | १४ एप्रिल, रात्री १०:२०

पानं बांधू नका. कापायचा तर प्रश्नच नाही.

बुलबुल पानांच्या आत घरटं करतो ते दोन कारणांनी: ऊन आणि कावळा. पुण्यात एप्रिलच्या उत्तरार्धात पारा चाळिशीला टेकतो. दुपारी अकरानंतर थेट उन्हात आलेलं पाच दिवसांचं उघडं पिल्लू स्वतःचं अंग थंड ठेवू शकत नाही. आई पंख पसरून सावली धरते, पण मग भरवायला जाणार कोण? दोरा 'फक्त अर्ध्या तासासाठी' बांधला तरी पानाचा देठ पिळतो, पान दुसऱ्या दिवशी कोमेजून खाली लोंबतं आणि खिडकी कायमची उघडी पडते.

कावळ्याबद्दल वेगळं सांगायला नको. माणूस एका झुडपाकडे रोज दहा मिनिटं टक लावून बघतो, हे तारेवर बसलेला कावळा बघत असतो. तुम्ही गेलात की तो येतो. भारद्वाज आणि टकाचोरही तसेच. आणि जमिनीवरून झुडपापर्यंत पाऊलवाट पडली, गवत दबलं, की मांजर आणि मुंगूस तिच्यावरूनच येतात. म्हणून खांबापाशीच थांबायचं, जवळ जाऊन 'एकदा डोकावून' बघायचं नाही.

सहाशे_एमएम | १४ एप्रिल, रात्री १०:३८

दयाळशी सहमत. पानं हलवायची नाहीत, ट्रायपॉड हलवायचा. समजा पान घरट्याच्या २० सेंमी पुढे आहे आणि ते फ्रेममध्ये ३ सेंमी सरकायला हवं. तर १२ मीटरवरून कॅमेरा पावणेदोन मीटर बाजूला घ्यावा लागतो. लोक अर्धा फूट सरकून बघतात, फरक दिसत नाही आणि मग हात पानाकडे जातो. आधी दुर्बीण घेऊन खांबाच्या दोन्ही बाजूंनी तीन-तीन मीटर चालून बघा. उंचीही बदलून बघा: गुडघ्यावर, उभं राहून, पहिल्या मजल्याच्या जिन्यावरून. जिन्याची खिडकी असेल तर तीच सगळ्यात चांगली हाइड. जुना पडदा लावायचा, लेन्सपुरती फट ठेवायची.

टेकडीवाला | १४ एप्रिल, रात्री ११:०५

अंतरापेक्षा दिवस महत्त्वाचा. ९ तारखेला शून्य धरलं तर आज पाचवा.

पहिले तीन दिवस पिल्लं उघडी, डोळे मिटलेले, आई बराच वेळ अंगाखाली घेऊन बसते. तेव्हा ती उठली की नुकसान थेट. चौथ्या-पाचव्या दिवशी डोळे उघडू लागतात. सहाव्या-सातव्याला पिसांच्या निळसर सुया फुटून त्यातून पिसं बाहेर येतात. तुमच्यासाठी उद्या, परवा आणि तेरवा हे तीन दिवस बरे.

आठव्या दिवसानंतर कॅमेरा आत ठेवा. बुलबुलाची पिल्लं साधारण अकरा ते तेरा दिवसांत घरटं सोडतात, पण आठ-नऊ दिवसांनंतर भीती वाटली तर वेळेआधीच उड्या टाकतात. उडता येत नसतं, शेपूट बोटाच्या पेराएवढी. एकदा बाहेर पडलेलं पिल्लू उचलून परत ठेवलं तरी पुन्हा उडी मारतं, कारण त्याच्या लेखी ती जागा आता धोक्याची असते. फोटोग्राफरच्या हातून होणारी सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती कळतही नाही. माणूस म्हणतो, 'अरे वा, आज उडाली पिल्लं!'

मुठाकाठ | १५ एप्रिल, सकाळी ६:४०

उपद्रव मोजायची एक साधी रीत आहे. कॅमेरा न लावता लांबून, निदान २५ मीटरवरून, दुर्बिणीने अर्धा तास आई-बापाच्या फेऱ्या मोजा. समजा सात झाल्या. मग खांबापाशी ट्रायपॉड लावून बसा आणि पुन्हा मोजा. पहिल्या दहा मिनिटांत कोणी आलंच नाही, किंवा अर्ध्या तासात तीनच फेऱ्या झाल्या, तर गुंडाळा.

फेऱ्या मोजण्याआधीच चोच बघून कळतं. चोचीत अळी धरून बुलबुल शेजारच्या तारेवर बसलाय, शेपूट खालीवर करतोय, मान वळवतोय आणि घरट्याकडे जात नाहीये, म्हणजे तुम्ही आड येताय. तो अळी स्वतः गिळून टाकतो तेव्हा तर नक्कीच. उलट, पिल्लाच्या मागून पांढरी गोळी उचलून नेताना दिसला तर सगळं ठीक चाललंय. ती विष्ठेची पिशवी. त्याचा फोटोही सुरेख येतो, भरवण्याच्या फोटोपेक्षा मला तो जास्त आवडतो.

एका वेळी वीस मिनिटं, दिवसातून एकदाच, सकाळी साडेसहा ते साडेआठमध्ये. मोबाइलवर गजर लावा (व्हायब्रेटवर!). 'अजून एक फेरी' म्हणता म्हणता तास जातो.

पाषाणकर | १५ एप्रिल, सकाळी ७:१५

जिन्याची खिडकी आहे, घरट्यापासून साधारण १४ मीटर, कोनही बरा. कापडी हाइड मग लागणार नाही ना? आणि मोबाइल सेल्फी स्टिकवर लावून वरून एकच फोटो?

दयाळ | १५ एप्रिल, सकाळी ७:३०

सेल्फी स्टिक: नाही. वरून येणारी कुठलीही वस्तू पिल्लांसाठी एक तर आई, नाहीतर शिक्रा. चार दिवसांची पिल्लं चोच उघडून उभी राहतात (आणि लोक म्हणतात 'किती गोड'), नऊ दिवसांची खाली दबतात किंवा उडी मारतात. दोन्ही वेळा त्यांची फसवणूकच.

सहाशे_एमएम | १५ एप्रिल, सकाळी ८:०५

खिडकी असताना कापडी हाइड नको. उघड्यावर लागते तेव्हा ती एका दिवसात लावू नये, एवढं लक्षात ठेवा. पहिल्या दिवशी २५ मीटरवर उभी करून निघून जायचं. पक्षी नेहमीसारखा ये-जा करतोय हे दिसल्यावर दुसऱ्या दिवशी चार-पाच मीटर पुढे. असं तीन दिवस. चारही कोपरे घट्ट ताणायचे. सिंहगडाच्या पायथ्याला किंवा सासवडच्या माळावर वारा सुटला की सैल कापड फडफडतं आणि पक्ष्याला रंगापेक्षा त्या फडफडीची भीती जास्त.

आत शिरताना दोघांनी जायचं, एकाने आत बसायचं, दुसऱ्याने बोलत-बोलत निघून जायचं. माणसं आली तशी गेली असं पक्ष्याला वाटतं. बाहेर पडतानाही तोच दुसरा माणूस न्यायला आला पाहिजे, नाहीतर रिकाम्या तंबूतून अचानक माणूस उगवतो आणि तीन दिवसांची मेहनत फुकट.

माळावरची | १५ एप्रिल, सकाळी १०:५०

टिटवीचं गणित पूर्ण वेगळं आहे, बुलबुलाचे नियम तिला लावू नका.

अंडी उबवायला चार आठवडे लागतात. पिल्लं फुटतात तीच डोळे उघडे आणि अंगावर लव घेऊन. अंग वाळलं की काही तासांतच चालू लागतात, किडे टिपायला स्वतःच शिकतात. म्हणजे 'घरट्यातली पिल्लं' असा फोटो जवळपास नसतोच. एक दिवसाचा मामला.

धोका इथे असा: आई ओरडली की पिल्लू जागच्या जागी जमिनीला चिकटतं, दगडासारखं निपचित. तुम्हाला ते दिसत नाही. आई डोक्यावरून झेपा घेतेय, तुम्ही तिच्याकडे बघत मागे सरकताय आणि पिल्लू बुटाखाली. म्हणून मुरमाच्या प्लॉटवर पिल्लं असताना पायी शिरायचंच नाही. गाडी रस्त्यावर उभी करायची, इंजिन बंद, काच अर्धी खाली, काचेवर बीनबॅग. तीत तीनेक किलो राजमा भरा. थर्माकोलचे दाणे ४०० मिमीच्या लेन्सला हलके पडतात. पक्षी गाडीला फारसं बिचकत नाही, गाडीचं दार उघडलं की मात्र लगेच उठतो.

सकाळी नऊनंतर तापलेल्या मुरमावरून हवा थरथरू लागते. ४० मीटरवरून ६०० मिमीने काढलेला फोटो कितीही फोकस केला तरी पाण्याखालून काढल्यासारखा येतो. लोक लेन्स दुरुस्तीला नेतात! तो लेन्सचा दोष नाही. साडेसात-आठलाच आटपा.

एप्रिल-मेमध्ये आई पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर, पिल्लांवर बसते, त्यांना थंड ठेवायला. जवळपास पाणी असेल तर तिकडून येतानाचा ओल्या पोटाचा फोटो मिळू शकतो, फक्त तिच्या पाण्याच्या वाटेवर गाडी लावू नका.

टेकडीवाला | १५ एप्रिल, दुपारी १:३०

माळावरची, सुंदर प्रतिसाद. एक जोड: प्लॉटवर अंड्यांभोवती दगडांचं कुंपण करणं, बाजूला काठी रोवून फडकं बांधणं हे चांगल्या मनाने केलं जातं, पण कुत्र्यांना आणि पोरांना तीच खूण होते. जेसीबी येणार असेल तर प्लॉटच्या रखवालदाराशी बोलणं जास्त उपयोगाचं. त्याला जागा दाखवा, महिनाभर तो कोपरा सोडायला सांगा.

रानपिंगळा | १५ एप्रिल, रात्री ८:२०

ढोलीतल्यांबद्दल कोणी लिहिलं नाही. एम्प्रेस गार्डन, विद्यापीठाचा परिसर, जुन्या वड-पिंपळांचे रस्ते, इथे राखी धनेश आहे आणि आता त्याचा मोसम.

धनेशाची मादी ढोलीत शिरून तोंड लिंपून घेते, चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते. आत तिची पंखांची पिसं गळतात, तिला उडता येत नाही. नर एकटा उंबर, वड, पिंपळाची फळं घशात साठवून आणतो आणि एकेक करून फटीतून देतो. पिल्लं अर्धी वाढली की मादी बाहेर येते आणि मग दोघं भरवतात. म्हणजे पहिले कित्येक आठवडे सगळा डोलारा नराच्या फेऱ्यांवर. झाडाखाली पाच जण ट्रायपॉड लावून गप्पा मारत बसले, नर समोरच्या झाडावर बसून राहिला, तर आत उपासमार. बुलबुलाच्या पिल्लांना निदान दोन भरवणारे असतात.

धनेशाला ३० मीटरच्या आत जाऊ नका, ६०० मिमी नसेल तर झाडासकट फोटो काढा. लिंपलेली फट, मोठं खोड आणि नराची वाकलेली मान, हा फोटो नुसत्या चोचीच्या क्लोजअपपेक्षा कितीतरी बोलका होतो.

वेड्या राघूच्या बिळांसमोरही बसायची गरज नाही. पिल्लं बाहेर आली की तारेवर शेजारी-शेजारी बसतात. गळा फिका, शेपटीची लांब तार नाही, हीच ओळख. तांबटाच्या पिल्लाच्या कपाळावर आणि छातीवर लाल नसतं. बुलबुलाच्या पिल्लाचं बूड लाल नव्हे, फिकट नारिंगी. आणि सगळ्यांच्या चोचीच्या कोपऱ्यात ती फुगीर फिकी घडी.

मुठाकाठ | १६ एप्रिल, सकाळी ७:००

रानपिंगळा, तुमच्या शेवटच्या परिच्छेदातच खरं उत्तर आहे. घरट्यातल्या फोटोत काय असतं? तीन उघड्या चोची आणि गवताची वाटी. घरटं सोडल्यावर तेच पिल्लू फांदीवर बसून पंख थरथरवत मागतं, आई समोरासमोर येते, दोघांच्या डोळ्यांत उजेड असतो. शिवाय घरटं सोडल्यावरही दोन-तीन आठवडे आई-बाप भरवतच असतात. घरट्यावर मिळतील ते तीन दिवस, इथे पंधरा.

पहिले दोन दिवस मात्र पिल्लं झुडपाच्या तळाशी लपून असतात, तेव्हा शोधायला जाऊ नका. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून वरच्या फांदीवर येतात.

जालबंदी | १६ एप्रिल, सकाळी ९:२५

फोटो टाकतानाचं सांगतो. मोबाइलचं लोकेशन कॅमेऱ्याच्या ॲपमधून फोटोत शिरतं, निर्यात करताना काढून टाका. 'बाणेर, अमुक चौकामागचा प्लॉट' हे वाक्य लोकेशनपेक्षा घातक. पिल्लं उडाल्यावर आठ-दहा दिवसांनी टाका. नवरंग पक्ष्याच्या बाबतीत तर जूनमध्ये जागा कोणालाच सांगू नका. शनिवारी ग्रुपवर पडलेली जागा रविवारी सकाळी गर्दीने भरते आणि त्यातला कोणीतरी मोबाइलवर नवरंगाचा आवाज वाजवतोच. नर भरवणं सोडून हद्दीत कोण शिरलं ते शोधत बसतो.

कायद्यातही हे आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मधल्या 'शिकार'च्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणंही येतं.

अजून एक: फोटोत फांदीचं टोक ताजं, पांढरं, तिरकं छाटलेलं दिसलं, पिल्लांवर डोक्यावरचं ऊन आणि भोवती एकही पान नाही, तर तो फोटो लाइक करू नका. पिल्लं ओळीत बसलेली असणं हा एकटा पुरावा नव्हे, राघू आणि मुनिया स्वतःहूनही तशा बसतात. छाटलेलं टोक बघा.

कावेरी_क | १६ एप्रिल, दुपारी ४:१०

पिल्लू खाली पडलेलं मिळालं तर? मांजरी आहेत सोसायटीत.

दयाळ | १६ एप्रिल, सायं. ६:००

पिसं आहेत आणि शेपूट आखूड आहे: त्याने घरटं सोडलंय. तिथेच राहू द्या. मांजर समोरच असेल तर उचलून शेजारच्या झुडपात डोक्याएवढ्या उंचीवर ठेवा आणि लांब व्हा.

अंग उघडं किंवा नुसत्या सुया: घरटं सापडलं तर परत ठेवा. माणसाचा वास लागला की आई टाकते, ही समजूत खोटी. घरटंच पडलं असेल तर लहान परडीत वाळलं गवत घालून त्याच झाडावर, मूळ जागेच्या मीटरभरात, सावलीत बांधा. तळाला पाणी जायला भोकं हवीत. तासाभरात आई येते की नाही ते लांबून बघा.

जखमी असेल तर ड्रॉपरने दूध-पाणी घालू नका, श्वासनलिकेत जातं. भोकं पाडलेल्या खोक्यात फडक्यावर ठेवून झाका आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. आणि त्या दहा मिनिटांत त्याचे फोटो काढत बसू नका हो.

पाषाणकर | २१ एप्रिल, सकाळी ८:४०

सर्वांचे आभार. १५ ते १७ जिन्यातून रोज वीस मिनिटं काढले, १४ मीटर, एफ/६.३, १/१२५०, आयएसओ २५००. अर्ध्या तासात आधी आठ फेऱ्या, नंतर सात. त्यानंतर कॅमेरा बंद. आज सकाळी दोन पिल्लं घरट्याबाहेर मधुमालतीच्या मुळाशी आहेत, तिसरं अजून काठावर उभं. आई लांबून ओरडतेय आणि भरवायला येत नाहीये. काही बिघडलं का? खिडकीत कोणी नाही.

टेकडीवाला | २१ एप्रिल, सकाळी ८:५५

बिघडलं नाही. बाहेर पडलेल्यांना भरवायचं आणि आतल्याला अळी दाखवून लांबून बोलवायचं, ती असंच करते. बहुतेक आज संध्याकाळपर्यंत तेही खाली येईल. कचरा गोळा करणाऱ्यांना आणि माळीकाकांना आज त्या कोपऱ्यात झाडू मारू नका म्हणून सांगा. २४ तारखेला सकाळी साडेसहाला जिन्यात या, पण लेन्स मधुमालतीवर नको, शेजारी जास्वंद किंवा कढीपत्ता असेल तर त्याच्या वरच्या फांद्यांवर लावा.